टेकडीवरच्या बंगल्यातला पंखा

१

दीपमालाबाईंचा धाकटा भाऊ प्रसेनजित चिखलीला असतो. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्याचा जन्म गेला. बंगल्याचा विषय निघाला की तो चष्मा पुसत म्हणतो, "वारा असन, ताई. सातपुड्याचा वारा, दऱ्याखोऱ्यातून कसाबी वळते."

"असन बाप्पा," दीपमालाबाई म्हणतात आणि चहात साखर टाकतात.

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्या उन्हाळ्यात तो तान्हा होता. पंख्याखाली निजलेल्याला पंखा कोण ओढतंय ते कधी दिसत नसतं.

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुडा जिथून उभा चढायला लागतो तिथं एक टेकडी आहे. तिच्यावर इंग्रजांच्या वेळचा बंगला. वीज तेव्हा खालच्या गावापर्यंत आली होती, टेकडी काही चढली नव्हती. दीपमालाचे बाबा गुलाबराव त्या बंगल्याचे चौकीदार. चौकीदाराला राहायला मागच्या बाजूला टिनाची एक खोली होती. पण साहेबलोक येत ते फक्त थंडीत, शिकारीच्या जुन्या गोष्टी ऐकायला आणि कोंबडी खायला. एकदा एक म्हातारा साहेब जाताना गुलाबरावांना म्हणाला, "घरात माणूस नसला की वाळवी राहते. तुम्हीच राहा आत." झालं. टिनाच्या खोलीतलं बिऱ्हाड बंगल्यात आलं आणि दिपी, म्हणजे आपली दीपमाला, एकदम राजाच्या मुलीसारखी राहायला लागली.

दारं एवढी उंच, की हत्ती यायचा असेल असं वाटे. दारांच्या वर रंगीत काचा. सकाळी फरशीवर लाल-हिरवे चट्टे पडत आणि दिपी त्यांच्यावर पाय ठेवत ठेवत दिवाणखाना ओलांडायची. भिंतींवर वाघांची मुंडकी कधीतरी लावलेली असावीत. मुंडकी गेली होती, त्यांच्या जागचे पांढुरके डाग तेवढे उरले होते. आणि एका भिंतीत चक्क शेकोटीची जागा! वऱ्हाडात, जिथं चैत्रातच दगड तापतो, तिथं घरात शेकोटी बांधणारा माणूस कोण असेल, यावर तिची माय, जनकाबाई, रोज एकदा तरी हसायची. त्या शेकोटीत माय कांदे ठेवायची.

खालच्या गावातली राखी म्हणून दिपीची एक मैत्रीण होती. ती विचारायची, "तुले तथी भेव नाई लागत व?"

"कायचं भेव?" दिपी नाक उडवायची. "आमचाच तर हाय बंगला."

२

दिवाणखान्याला लागून साहेबाची निजायची खोली होती. तिच्या छताला जुना पंखा टांगलेला. विजेचा नव्हे, हातानं ओढायचा. सागवानी लांब फळी, खाली चटईची झालर. फळीची दोरी एका कप्पीवरून जायची आणि मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या व्हरांड्यात निघायची. तिथं खांबाला टेकून एक दगडी बैठक होती. पूर्वी ओढणारा त्या बैठकीवर बसून दोरी ओढत राही आणि आत साहेबाला वारा लागे. त्या भिंतीला खिडकी मुद्दामच ठेवली नव्हती. वारा हवा, ओढणारा दिसायला नको. मागं जायचं तर दिवाणखान्यातून बाहेर पडून अख्ख्या बंगल्याला वळसा घालावा लागे.

बैठकीचा दगड मधोमध खोल गेला होता. माणसं बसून बसून दगड झिजतो हे दिपीनं तिथं पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी होळीच्या मागंपुढं तिला भाऊ झाला. नाव ठेवलं प्रसेनजित. गावातल्या कोणाच्याच तोंडात ते बसेना. कोणी परसन्या म्हणे, कोणी नुसतंच परश्या. वैशाख लागला, पोराच्या अंगावर घामोळं फुटलं, तेव्हा गुलाबरावांनी कप्पीला तेल दिलं, नवी दोरी ओवली आणि पोराची बाज पंख्याखाली आणली.

मायनं चूल मागच्या व्हरांड्यात मांडली. दगडी बैठकीवर बसून ती हातांनी भाकर थापायची आणि दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पंखा हलवायची. कप्पी वाजायची, कुर्र... कुर्र... कुर्र. त्या आवाजावर पोर निजायचं. माय उठली की दिपी बसायची, दिपी उठली की माय. भोकातून हाक मारायची, एकमेकींना सांगायचं, मगच उठायचं.

"साहेबाच्या पोराचीबी अशी चैन झाली नसन," माय म्हणायची. "इकडं याचा आजा दोरी ओढू ओढू मेला असता, अन हा पाह्य कसा पसरला हाय."

याचा आजा म्हणजे गुलाबरावांचे वडील, जानराव. लहानपणी ते याच बैठकीवर बसून दोरी ओढायचे. ते जिवंत होते आणि खाली गावात राहायचे.

३

एके दिवशी दुपारी दिपीनं काही न सांगता पळ काढला. राखी खालून हाका मारत होती, उतारावरच्या चारोळीच्या झाडांना चारं पिकली होती. दिपी व्हरांड्यातून उठली, दोरी खांबाला अडकवली आणि सुटली. आत पोर झोपलंय, माय जवळ आहे, आता कोणाला पंखा पाहिजे, असा तिचा हिशेब.

ती परत आली तेव्हा ऊन डोक्यावरून कलंडलं होतं. बंगल्याच्या पुढच्या दारानं आत आली. दिवाणखान्यात गार, काळोखं. पलीकडून आवाज येत होता. कुर्र... कुर्र... कुर्र.

तिनं निजायच्या खोलीत डोकावलं. पोर बाजेवर, माय खाली फरशीवर, दोघंही गाढ झोपलेली. वर पंखा हलत होता. सावकाश, एकसारखा.

बाबा आले वाटतं, असं म्हणत ती वळसा घालून मागं गेली.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. चूल विझलेली. दोरी भोकातून बाहेर लोंबत होती आणि तिचं टोक किंचित हलत होतं, कोणी आत्ताच सोडल्यासारखं. दिपीनं बैठकीला हात लावून पाहिला. गरम. पण वैशाखातल्या दुपारी कोणता दगड गरम नसतो?

ती धावत आत आली. पंखा पुन्हा हलत होता.

"माय! माय व!"

माय डोळे चोळत उठली. वर पाहिलं, हसली. "पोरी, आज मोठी शाणी झालीस. मी हाक मारली अन लगेच ओढाले लागलीस. अन इकडं येऊनबी तो हलूनच राह्यला, पाह्य कसा झोका देल्ला तू."

"माय, मी नाई ओढला."

"मंग काय भुतानं ओढला?"

"मी खाली होतो. चारं खायाले." दिपीनं हात पुढं केले. बोटं, ओठ, जीभ, सगळं काळंजांभळं झालं होतं. ते काही घटकाभरात होत नाही.

मायचं हसू राहिलं तसंच तोंडावर, पण त्याच्यातला जीव गेला. तिनं एकदा दिपीच्या बोटांकडे पाहिलं, एकदा वर. मग पोराला उचलून ती उन्हात जाऊन उभी राहिली.

४

गुलाबराव सरकारी माणूस. ते म्हणाले, "वारा हाय."

मायनं त्यांना बाहेर नेलं. समोर पळसाची झाडं होती. पान हलत नव्हतं.

"मंग उंदीर असन कप्पीत."

"उंदराले येवढी फळी ओढू येते काय?"

गुलाबरावांनी दोरी खांबाला बैलाची गाठ मारून बांधली. पिसाळलेला गोऱ्हाही तोडणार नाही अशी गाठ. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर कुरकुरलं आणि वर कप्पी वाजली. गुलाबराव धावत मागं गेले. गाठ तुटली नव्हती, सुटली होती. नीट, बोटांनी सोडावी तशी. ते परत आले तेव्हा त्यांनी वाऱ्याचं नाव काढलं नाही. नुसते शेकोटीतले कांदे वरखाली करत बसले.

दिपीला मात्र उगाच शहाणपण सुचायचं. एकदा तिनं खोलीतल्या स्टुलावर चढून, पंखा हलत असताना दोरी आतूनच धरली. ओढ थांबली. दोरी ना सैल पडली, ना ताणली. पलीकडून कोणी तरी अदबीनं थांबलं होतं, हिनं सोडायची वाट पाहत. दिपीनं सोडली. कुर्र... कुर्र. ती स्टुलावरून उतरली आणि जाऊन मायला चिकटून बसली.

त्याच आठवड्यात आबा, म्हणजे जानराव, ताक घेऊन वर आले. ते बंगल्यात कधी पाऊल टाकत नसत. मुलगा आत राहायला लागला तरी नाही. पुढच्या पायऱ्याही चढत नसत. मागच्या कडुनिंबाखाली बसायचे, नातवाला बाहेर मागवून घ्यायचे, पाणी पिऊन उतरून जायचे. त्या दिवशी ते बसले, पागोटं काढलं आणि मान वाकडी करून ऐकायला लागले. व्हरांडा तिथून आडव्या भिंतीपलीकडं, दिसत नव्हता. आवाज येत होता.

"कोन ओढून राह्यलं?"

"वारा हाय, आबा," गुलाबराव म्हणाले.

"वाऱ्याले ताल असते काय बे?"

आबांनी सुनेकडे पाहिलं. "आतून कोनं हुकूम देल्ला होता?"

मायला आधी कळेना. मग आठवलं आणि तिचा हात तोंडावर गेला. त्या दुपारी, दिपी बाहेर आहे असं समजून, ती भोकाशी तोंड नेऊन ओरडली होती. "ओढ व! मी सांगतो तोवर थांबू नोको!"

"अन मंग? थांब म्हनलं?"

"नाई. माहा डोळा लागला."

"मंग तो कसा थांबन?" आबा एखादी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाले. "आतून सुट्टी भेटल्याबिगर उठाचं नाई. मी तथी बसत होतो तवा मुताले सुदा उठलो नाई. ज्याचा हुकूम त्याचीच सुट्टी. जाय, आत जाऊन सांग."

"आबा, तथी कोन हाय?" दिपीनं विचारलं.

आबांनी पागोटं पुन्हा बांधायला घेतलं. "माह्या आंधीबी तथी कोनी ना कोनी बसेच," एवढंच म्हणाले.

माय काही आत गेली नाही. तिची छातीच झाली नाही. "जाऊ द्या तो बंगला चुलीत," ती म्हणाली आणि दिवस मावळायच्या आत बिऱ्हाड उचलून मागच्या टिनाच्या खोलीत नेलं. पोर घेतलं, कांदे मात्र शेकोटीतच राहिले.

५

टिनाखाली वैशाख म्हणजे काय, ते टिनाखाली राहिलेल्यालाच माहीत. सकाळची न्याहारी होईस्तोवर भांड्यांना हात लागत नसे. माय पोराला मांडीवर घेऊन सुपानं वारा घालायची. तो वाराही चुलीतून आल्यासारखा. पोर आधी रडलं. मग कुरकुरलं. मग एके दिवशी गप्प झालं आणि मायनं सूप टाकून त्याला हात लावला.

अंग तव्यासारखं. घाम नाही. डोळे अर्धे उघडे. टाळू आत गेलेली.

खाली गावात टोचायला आलेल्या नर्सबाई होत्या, संजीवनीबाई. गुलाबरावांनी त्यांना सायकलवर बसवून वर आणलं. उरलेला चढ त्या पदर खोचून चालत आल्या. पोराला हात लावताच कडाडल्या, "लू लागली याले! या टिनाखाली मारता काय पोराले? एवढा मोठा गार बंगला समोर हाय अन तुमी इथं?"

मायनं एकदा बंगल्याकडे पाहिलं.

"आतमंधी न्या. ओल्या फडक्यात ठेवा, थेंब थेंब पाणी पाजा, अन वारा लागू द्या. वारा थांबू देऊ नोका. तुमी चाला माह्यासंगं, संग्रामपूरहून जीप आणू. पण जीप येईपर्यंत याच्या अंगातली आग उतरली पाह्यजे. नाई उतरली तर..."

गुलाबरावांच्या सायकलवर बसून त्या गेल्या.

मायनं पोर छातीशी धरलं. आबा कडुनिंबाखाली होते. नातू आजारी ऐकून आले होते, सावलीत दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसले होते. मायनं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाय. मी इथंच हाय."

६

खोली तशीच गार होती. लाल-हिरवे चट्टे फरशीवर. मायनं पोराला बाजेवर ठेवलं, ओलं फडकं गुंडाळलं, वर पाहिलं. पंखा उभा होता.

"दिपे, तू जाय मागं. तू ओढ."

दिपी हलली नाही. तिला हलताच येईना. माय पुन्हा म्हणणार, तेवढ्यात कप्पी वाजली.

कुर्र.

दोरी ताणली, फळी एक वेळ मागं गेली, पुढं आली. पोराच्या कपाळावरचे केस उडाले. माय तोंडात पदर धरून भिंतीला लागून बसली. ओढणाऱ्याला मोकळं करायचा शब्द तिच्या ओठावर होता. तो म्हटला की सुटलं. आणि तो म्हटला की पोराचा वारा गेला.

तिनं तो गिळला.

ऊन चढत गेलं. पंखा हलत राहिला. माय फडकं भिजवायची, बोटानं पाणी पोराच्या ओठांवर सोडायची, पुन्हा वर पाहायची. बाहेर एकही पाखरू ओरडत नव्हतं. नुसती कप्पी. मग दिपीच्या लक्षात आलं की कप्पीचा ताल बदलतोय. कुर्र... मग थांबणं. कुर्र... मग जरा जास्त थांबणं. दमलेल्या माणसाची ओढ असते तशी. आणि प्रत्येक थांबण्याला पोराची मान बाजेवर एका अंगाला कलायची.

"माय, तो दमला."

"मले ऐकू येते."

"माय, सुट्टी दे ना."

"अन हा मरू देऊ?" माय ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आपनच साहेब झालो व दिपे. आबाले असंच बसवलं असन ना कोनी."

दिपी स्टुलावर चढली. कशासाठी, ते तिला आजही सांगता येत नाही. भीती वाटायची ती जागा ओलांडून गेल्यावर माणूस जे करतो, त्यातलं काहीतरी. तिनं भोकाला डोळा लावला.

जाड भिंत. भोक म्हणजे नुसतं बाहेरच्या अंगाला उतरत गेलेलं नळकांडं. त्यातून दोरी गेलेली आणि पलीकडे उजेडाचा एक तुकडा, तळहाताएवढा. त्या तुकड्यात बैठकीचा कोपरा दिसत होता. आणि कोपऱ्यावर एक पाऊल.

टाचेला भेगा, भेगांत माती. दोरी अंगठ्याला वेढलेली. पाऊल मागं जाई, पुढं येई. अंगठ्याशेजारच्या बोटात झिजून पातळ झालेलं चांदीचं जोडवं होतं. घोट्याच्या वर खांब आडवा येत होता. पुढं काही दिसत नव्हतं, आणि दिपीनं डोळा फिरवून पाहायचा प्रयत्नही केला नाही.

ती उतरली. "बाई हाय, माय. बाईचा पाय हाय. जोडवं हाय."

माय तिच्याकडे पाहत राहिली. कप्पी थांबली होती. या वेळी बराच वेळ.

माय उठली. भोकाशी गेली. त्या दिवशी ओरडली होती त्याच भोकाशी. पण आता तिनं गाल भिंतीला टेकला आणि शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तसं बोलली.

"बाई, हुकूम नाई करत. माहं लेकरू हाय हो. तापलं हाय. तुलेबी लेकरं असतीन. थोडं आणखी ओढतं काय? जरासंच. मंग मी सवताहून सांगतो. सवताहून."

आत कोणी श्वास घेत नव्हतं. बाहेरही.

मग कप्पी वाजली. कुर्र... कुर्र... कुर्र. एकसारखी. आधीपेक्षा मऊ. अंगाईच्या तालावर.

७

पोराला घाम फुटला तेव्हा मायला आधी वाटलं फडक्याचं पाणी आहे. तिनं पुसलं. पुन्हा आलं. मानेखाली, काखेत, नाकाच्या शेंड्यावर बारीक बारीक दाणे. तिनं गाल लावून पाहिला. अंग निवलं होतं. पोरानं ओठ हलवले, इकडं तिकडं तोंड फिरवून शोधलं, आणि मायनं छातीशी घेताच चुटूचुटू प्यायला लागलं.

माय रडली नाही. पोर पिता पिताच ती उभी राहिली आणि भोकाशी गेली.

"झालं बाई. निवलं लेकरू. आता ऊठ. सुट्टी झाली तुही. जाय आपल्या घरी."

पंखा लगेच थांबला नाही. एकदा मागं गेला, एकदा पुढं, मग नुसताच आपल्या वजनानं झुलत राहिला. झुलता झुलता उभा झाला. बाहेर काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. गुडघा वाजावा तसा बारीक आवाज. आणि एक सुस्कारा, खूप वेळ बसून उठताना बायका सोडतात तसला. दिपीला तसं वाटलं. माय म्हणते तिनं काहीच ऐकलं नाही.

मायनं पोर दिपीच्या मांडीवर दिलं, आपली पितळी लोटी माठातून भरली आणि वळसा घालून व्हरांड्यात गेली. दिपी पोर घेऊन कोपऱ्यापर्यंत तिच्या मागं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. दोरी सरळ लोंबत होती, टोकही हलत नव्हतं. मायनं लोटी बैठकीवर ठेवली, त्या खोल गेलेल्या जागेत, आणि पाठ फिरवून आली. मागं पाहिलं नाही. दिपीलाही पाहू दिलं नाही.

८

जीप आली तेव्हा पोर नर्सबाईंचं बोट धरून ओढत होतं. "वाचलं," संजीवनीबाई म्हणाल्या आणि पायरीवरच बसल्या. गुलाबराव बंगल्यामागं गेले आणि माठातलं पाणी आपल्या डोक्यावर ओतून आले.

आबा कडुनिंबाखालून उठले नव्हते. माय त्यांच्याजवळ जाऊन बसली. दिपीनं त्यांना पाऊल सांगितलं, जोडवं सांगितलं. आबांनी मान खाली घातली. बोटांनी मातीत काहीतरी रेघा ओढल्या, पुसल्या. त्यांचा एकच प्रश्न होता.

"पाणी देल्लं काय?"

"देल्लं, आबा."

"वरून ओतलं, का ठिवून देल्लं?"

"लोटीच ठिवली. माही पेयाची."

आबांनी मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की दिपीला वाटलं एवढा श्वास म्हाताऱ्याच्या छातीत मावत कसा होता. ते कोण होतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मरेपर्यंत सांगितलं नाही. लोटी संध्याकाळी रिकामी सापडली. ऊन होतं, कावळे होते, व्हरांड्यात शेळ्याही शिरायच्या. प्रसेनजित म्हणतो बाष्पीभवन. असेल.

दुसऱ्या दिवशी मायनं बिऱ्हाड पुन्हा बंगल्यात आणलं. पोराची बाज त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली. दुपार झाली. सगळे बाजेभोवती बसले, वर पाहत. फळी हलली नाही. कप्पी वाजली नाही. पोर जागं झालं, उकाड्यानं लाल झालं आणि त्यानं असं भोकाड पसरलं की त्या उंच छतात ते घुमलं.

मायच्या नाकावरून घाम टपकत होता. दिपीचा परकर पायाला चिकटला होता. गुलाबराव सदरा काढून त्याचीच घडी हलवत होते.

"केवढं उकडून राह्यलं व माय!" दिपी म्हणाली.

"जाऊ काय मागं? ओढू पंखा?" गुलाबरावांनी विचारलं.

"खबरदार!" माय म्हणाली. आणि तिला हसू फुटलं. मग गुलाबरावांना, मग दिपीला. किती तरी दिवसांनी त्या खोलीत माणसं खो खो हसत होती आणि पोर आपलं रडतच होतं.

मायनं त्याला उचललं, पदरानं त्याची मान टिपली.

"रड रे राजा, खूप रड," ती म्हणाली. "येऊ दे घाम. आपला आपन पुसू."